सरपंच निम्म्या, आमदार एकवीस: राजकारणात आणि न्यायालयात महिला नेमक्या कुठे अडतात?

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या निम्म्या जागा आणि निम्मी सरपंचपदं कायद्यानेच महिलांसाठी राखीव आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच राज्यातल्या मतदारांनी विधानसभेत २८८ आमदार पाठवले, त्यात महिला होत्या २१. म्हणजे शंभरात सात. २०१९ मध्ये हा आकडा २४ होता, तो पाच वर्षांत वाढण्याऐवजी तीनने कमी झाला.

आता न्यायालयांकडे पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत सुमारे ३६ टक्के न्यायाधीश महिला होत्या. उच्च न्यायालयांत हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास येतं. सर्वोच्च न्यायालयात जून २०२५ नंतर एकच महिला न्यायमूर्ती उरल्या.

दोन्ही क्षेत्रं वेगळी, पण चित्र सारखंच. खालच्या पायरीवर गर्दी, वरच्या पायरीवर शुकशुकाट. 'महिलांना वेळ मिळत नाही', 'महिलांना राजकारणात रस नसतो', 'घर आणि कोर्ट दोन्ही जमत नाही' ही उत्तरं सोशल मीडियावर रोज वाचायला मिळतात. पण मग खालच्या पायरीवर त्यांना वेळ आणि रस कुठून येतो?

फरक आहे तो प्रवेशाच्या पद्धतीत. ग्रामपंचायतीत जागा राखीव असते. कनिष्ठ न्यायालयात स्पर्धा परीक्षा असते आणि उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. विधानसभेचं तिकीट मात्र पक्षाचे नेते देतात आणि उच्च न्यायालयासाठी नाव कॉलेजियम सुचवतं. जिथे नियम दार उघडतो तिथे महिला आत येतात. जिथे बंद खोलीत बसलेली चार माणसं नाव ठरवतात, तिथे त्यांची संख्या घसरते. गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे पुन्हा पुन्हा दिसतं.

'व्यक्ती' म्हणजे पुरुषच?

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकला झाला. वडील पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. परीक्षेतल्या त्यांच्या क्रमांकावर इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती मुलीला देता येत नाही, असं सांगण्यात आलं. अखेर इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी पैसे जमवले आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या.

१८९२ मध्ये त्यांनी तिथे कायद्याची बीसीएल परीक्षा दिली. अशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच महिला. पण पदवी? ती मिळाली १९२२ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी. ऑक्सफर्ड १९२० पर्यंत महिलांना पदव्याच देत नव्हतं. भारतात परतून त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, मग अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. तरीही सनद नाही.

मग त्यांनी आडवाट शोधली. बंगालमधल्या 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स'मध्ये, म्हणजे अज्ञान वारस आणि विधवांच्या जमीनजुमल्याची देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यात, १९०४ पासून त्या सल्लागार झाल्या. पडद्यात राहणाऱ्या, पुरुष वकिलाशी बोलूही न शकणाऱ्या शेकडो विधवा आणि मुलांची मालमत्ता, शिक्षण, पोटगी असे प्रश्न त्यांनी हाताळले. वकिलाचं सगळं काम केलं, फक्त वकील म्हणवून घेता येत नव्हतं. (राजकारणात मात्र त्या ब्रिटिशांच्या बाजूच्या आणि गांधीजींच्या विरोधक होत्या. आज त्यांच्याबद्दल लिहिताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो.)

दरम्यान कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी वकील म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो फेटाळला. वाद मोठा गमतीचा होता. १८७९ च्या कायद्यात वकील होऊ इच्छिणाऱ्या 'व्यक्ती'बद्दल नियम होते आणि व्यक्तीसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरलेलं होतं. कायद्याच्या भाषेत पुल्लिंगात स्त्रीलिंगही येतं, हा सर्वसाधारण नियम तेव्हाही होता. तरीही न्यायमूर्तींनी ठरवलं की कायदा करणाऱ्यांच्या मनात महिला नव्हत्याच. १९२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचा अर्जही अशाच कारणाने फेटाळला.

त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलिया सोराबजींची वकील म्हणून नोंद करून घेतली. तेव्हा त्यांचं वय ५४ होतं. कायदा तोच, शब्द तेच, दोन न्यायालयांचे अर्थ उलटे. हा घोळ मिटला तो १९२३ च्या कायद्याने. केवळ स्त्री आहे म्हणून कुणालाही वकिलीपासून रोखता येणार नाही, एवढंच तो कायदा सांगत होता.

त्याच १९२३ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमधून मिठन टाटा बॅरिस्टर झाल्या. त्या परतल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या. लग्नानंतर त्या मिठन लाम म्हणून ओळखल्या गेल्या आणि १९४७ मध्ये मुंबईच्या शेरीफ झाल्या. पण त्यांच्या वकिलीची सुरुवात राजकारणातून झाली होती, ती अशी.

मताचा हक्क मागायला लंडनपर्यंत

१९१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये भारतासाठी नव्या सुधारणांचा कायदा तयार होत होता. त्यात भारतीय महिलांना मताधिकार द्यावा, ही मागणी मांडायला मिठन आणि त्यांची आई हेराबाई टाटा लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी बाजू मांडली. पार्लमेंटने थेट निर्णय घेतला नाही. प्रश्न भारतातल्या प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी महिलांना मत दिलं. अर्थात मालमत्तेची अट होती आणि मालमत्ता बहुतेक बायकांच्या नावावर नव्हतीच, त्यामुळे मतदार यादीत पोचलेल्या महिला मूठभर.

संविधान सभेत महिला सदस्य अवघ्या १५. मुंबईहून गेलेल्या हंसा मेहता त्यांच्यापैकी एक. त्यांनी राखीव जागा नकोत अशी भूमिका घेतली. हवा आहे तो सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय, सवलत नको, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या पिढीला विश्वास वाटत होता की सर्वांना समान मत मिळालं की बाकीचं आपोआप होईल.

झालं नाही. पहिल्या लोकसभेत महिला पाच टक्क्यांच्याही आत होत्या. १९७४ मध्ये देशातल्या महिलांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल आला. विधिमंडळात आरक्षण नको, असंच बहुमत तिथेही झालं. वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार या दोघींनी मात्र वेगळं मत नोंदवलं. या लोतिका सरकार कायद्याच्या प्राध्यापक होत्या, त्यांचं नाव पुढे आणखी एका ठिकाणी येईल.

महाराष्ट्रात तोवर काही जणी स्वबळावर वर आल्या होत्या. जळगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये सत्ताविशीत आमदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. चिपळूणला जन्मलेल्या, लग्नानंतर इंदूरच्या झालेल्या सुमित्रा महाजन यांच्याकडेही कायद्याची पदवी. त्या इंदूरमधून आठ वेळा खासदार आणि नंतर लोकसभेच्या अध्यक्षा झाल्या. गोव्यात वडील दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर १९७३ मध्ये शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्राला १९६० पासून एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. अपवाद मोठे आहेत, पण ते अपवादच राहिले.

चांदवड, विटनेर आणि मग आरक्षण

पंचायतीतलं आरक्षण दिल्लीतून १९९३ मध्ये आलं, असं सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्राची गोष्ट थोडी आधी सुरू होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन भरलं. शेतकरी बायका लाखाच्या घरात जमल्या होत्या. पुढे या चळवळीने गावोगावी फक्त महिलांची पॅनेल उभी करण्याचा कार्यक्रम घेतला आणि १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत संपूर्ण महिलांच्या ग्रामपंचायती निवडून आल्या. आरक्षण नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. याच विटनेरमध्ये 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला.

राज्याने १९९० मध्ये पंचायतींत ३० टक्के जागा राखीव ठेवल्या. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश आरक्षण आलं. बिहारने २००६ मध्ये ते ५० टक्के केलं, महाराष्ट्राने २०११ मध्ये. आज देशभरातल्या पंचायतींत निवडून आलेल्या महिला १४ लाखांच्या आसपास आहेत. जगात इतक्या मोठ्या संख्येने महिला लोकप्रतिनिधी क्वचितच कुठे असतील.

याने काय बदललं? अर्थतज्ज्ञ राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या ग्रामपंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. कुठल्या गावात महिला सरपंच हे आरक्षणाच्या फेऱ्यावर ठरत असल्याने तुलना नीट करता आली. महिला सरपंच असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. हंडा कोण वाहतं हे ठाऊक असलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.

दुसरा अभ्यास थेट मुंबईचा आहे आणि तो फारसा चर्चेत येत नाही. रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले काही वॉर्ड २००२ मध्ये खुले झाले. अशा वॉर्डात महिला निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या वॉर्डाच्या तुलनेत जवळपास पाचपट निघाली. एकदा पाच वर्षं नगरसेविका पाहिली की मतदारांनाही सवय होते आणि पक्षांनाही. एकदा संधी मिळालेल्या काही जणी आरक्षण गेल्यावरही टिकतात, याचा हा आकड्यातला पुरावा.

पण इथेच एक गोम आहे. आरक्षण सोडतीने फिरतं. या वेळी राखीव असलेली जागा पुढच्या वेळी राहीलच असं नाही. काम शिकायला दोन वर्षं, करायला तीन आणि मग चिठ्ठी निघते ती दुसऱ्याच प्रवर्गाची. खुल्या जागेवर पक्ष पुन्हा तिलाच उभं करेल का, हा प्रश्न परत तिकीट देणाऱ्याच्या हातात.

सरपंच पती आणि विचखेड्याचा निकाल

'सरपंच पती' हा शब्द कुठल्याही कायद्यात नाही, पण गावात सगळ्यांना कळतो. खुर्ची तिची, सही तिची, निर्णय त्याचा. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाला २०२३ मध्ये या प्रकारावर समितीच नेमावी लागली. हा प्रकार आहे आणि मोठ्या प्रमाणावर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र आरक्षणावरच्या टीकेत तो एकमेव पुरावा म्हणून येतो, तेव्हा दुसरी बाजू गायब होते. जी बाई खरोखर कारभार करू लागते, तिचं काय होतं?

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावात २०२१ मध्ये एक महिला सरपंच झाली. काही गावकऱ्यांनी तक्रार केली की ती सरकारी जागेवर अतिक्रमण केलेल्या घरात सासूबरोबर राहते, म्हणून तिला अपात्र ठरवा. तिचं म्हणणं होतं की ती नवरा-मुलांसह वेगळी, भाड्याच्या घरात राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं, उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे आदेश रद्द केले आणि तिचं पद तिला परत दिलं. बाई सरपंच झाली आणि तिचे आदेश पाळावे लागतील, हे गावकऱ्यांना पचलं नाही, असं निरीक्षण न्यायालयाने नोंदवलं. आरोपांची शहानिशा न करता यांत्रिकपणे आदेश काढणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही सुनावलं.

या प्रकरणात पुढची पायरी लक्षात घेण्यासारखी आहे. गावच्या तक्रारीतून सुटण्यासाठी एका सरपंच बाईला दिल्लीपर्यंत जावं लागलं. वकील, फी, तारखा, प्रवास. पाच वर्षांच्या मुदतीतली साडेतीन वर्षं उलटून गेली होती. सगळ्याच जणी तिथवर पोचत नाहीत. महिलेसाठी राखीव पदावरच्या सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव आणायला तीन चतुर्थांश बहुमताची वेगळी अट महाराष्ट्राच्या कायद्यात घालावी लागली होती. सहज खाली खेचलं जातं, हे कायदा करणाऱ्यांनाही दिसत होतंच.

तिकीट कोण देतं?

संसद आणि विधानसभेत आरक्षण देणारं विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये आलं. मग १९९८, १९९९, २००८. प्रत्येक वेळी गोंधळ, प्रती फाडणं, आणि लोकसभा विसर्जित झाली की विधेयक बाद. २०१० मध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं तर लोकसभेत ते आलंच नाही. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाली.

मंजूर झाली तेव्हा तिच्यात अट होती: कायदा अमलात आल्यानंतरची पहिली जनगणना व्हावी, त्या आधारे मतदारसंघांची फेररचना व्हावी आणि त्यानंतर आरक्षण. म्हणून २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुका जुन्याच पद्धतीने झाल्या. लोकसभेत ७४ महिला आल्या, २०१९ मध्ये ७८ होत्या. विधेयकाच्या बाजूने हात वर करणाऱ्या पक्षांना आरक्षणाची वाट न बघता एक तृतीयांश तिकिटं देता आली असती. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. राज्यसभा आणि विधान परिषदेला हे आरक्षण लागूच नाही. महाराष्ट्रात विधान परिषद आहे, तेव्हा तिथे कोण जाणार हे पुढेही पक्षच ठरवणार.

बाई न्यायाधीश असली की निकाल बदलतो का?

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचं प्रकरण घडलं. ते 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखलं जातं. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती असावी, असा त्या निकालाचा सूर होता. तेव्हा सर्वोच्च न्यायालयात एकही महिला न्यायमूर्ती नव्हती.

१९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. शरण जाणं आणि संमती देणं यात फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा. पत्रावरून देशभर महिला संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला आणि अशा खटल्यात संमती होती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला.

१९९७ मध्ये विशाखा निकाल आला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल त्याने पहिल्यांदा नियम घालून दिले आणि २०१३ चा कायदा त्यातूनच पुढे आला. त्या तीन न्यायमूर्तींच्या पीठात सुजाता मनोहर होत्या. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झालं आणि त्यातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती म्हणून त्या १९७८ मध्ये आल्या. मधे ११६ वर्षं.

म्हणून बाई न्यायाधीश असली की न्याय बाईच्या बाजूने, असं सरळ गणित मांडता येतं का? जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात निकाल दिला की कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सो कायद्यातला लैंगिक हल्ला ठरत नाही, त्वचेचा त्वचेशी संपर्क हवा. तो निकाल महिला न्यायमूर्तींचाच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांनी, म्हणजे तिथेही महिलाच. महिला न्यायाधीश एकसारख्या विचार करत नाहीत, पुरुष तरी कुठे करतात! त्यांनी तिथे असण्याचं कारण वेगळं आहे. ज्या समाजाचे वाद न्यायालयात येतात त्याचा अर्धा भाग निकाल देणाऱ्यांत जवळपास नसावा, हेच मुळात विचित्र आहे.

परीक्षा पास, पुढे काय?

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी या पदांसाठी लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. बोलीभाषेत तिला 'जेएमएफसी' म्हणतात. देशभर अशा परीक्षांतून मुली मोठ्या संख्येने निवडल्या जातात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षांसाठी तीन वर्षं वकिलीच्या अनुभवाची अट पुन्हा आणली. अनुभवी न्यायाधीश हवेत, हा मुद्दा रास्त आहे. पण ज्युनिअर वकिलाची पहिली वर्षं जवळपास बिनपगारी जातात आणि मुलींच्या घरी लग्नाची घाई होते ती याच वयात. ही अट दोघांना सारखीच जड जाईल, असं मानणं अवघड आहे.

परीक्षेतून आलेल्या न्यायाधीशाला उच्च न्यायालयापर्यंत पोचायला दोन-अडीच दशकं लागतात. जिल्हा न्यायाधीश होऊन नंबर लागेपर्यंत पन्नाशी उलटलेली असते आणि उच्च न्यायालयात निवृत्तीचं वय ६२. शिवाय उच्च न्यायालयातल्या साधारण एक तृतीयांश जागाच या वाटेने भरल्या जातात. उरलेल्या दोन तृतीयांश थेट वकिलांमधून. देशात नोंदणीकृत वकिलांत महिला साधारण १५ टक्के. त्यांतल्या किती जणी पंचेचाळिशीपर्यंत टिकतात, मोठे खटले किती जणींना मिळतात, सरकारी वकिलांच्या यादीत किती असतात, यावरून कॉलेजियमपुढे जाणारी नावं ठरतात. उच्च न्यायालयात हे कॉलेजियम मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींचं. नाव का सुचवलं याची कारणं थोडीफार कळतात, का वगळलं याची कळत नाहीत.

टिकण्याच्या प्रश्नात साध्या गोष्टीही येतात. देशातल्या सगळ्या न्यायालयांत महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असावं, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये द्यावा लागला. वकिलांच्या संघटनांचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या त्या २०२४ मध्ये, न्यायालयाच्याच आदेशाने.

सर्वोच्च न्यायालयाची सुरुवात १९५० मध्ये झाली. पहिल्या महिला न्यायमूर्ती फातिमा बीवी आल्या ऑक्टोबर १९८९ मध्ये. तेव्हापासून २०२५ पर्यंत एकूण ११ महिला तिथे न्यायमूर्ती झाल्या. ३१ ऑगस्ट २०२१ ला एकाच दिवशी तिघींनी शपथ घेतली, तेव्हाचा फोटो खूप फिरला होता. सरन्यायाधीशपद मात्र आजवर एकीलाही मिळालेलं नाही.

ते पद ज्येष्ठतेने मिळतं, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात कोण आधी आलं यावर. निवृत्ती ६५ व्या वर्षी. जो पंचावन्नच्या आसपास येतो त्याला पुरेशी वर्षं मिळतात, जो साठीला येतो त्याचा नंबर लागत नाही. महिलांची नावं मुळातच उशिरा पुढे गेली तर हे गणित त्यांच्या विरोधात जातं, त्यासाठी कुणी मुद्दाम अडवावं लागत नाही.

त्या तिघींपैकी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचा नंबर ज्येष्ठतेनुसार सप्टेंबर २०२७ मध्ये लागतो. त्या ४५ व्या वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयात आणि ५८ व्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात आल्या. त्यांचे वडील ई. एस. वेंकटरामय्या सरन्यायाधीश होते आणि फातिमा बीवींची नेमणूक त्यांच्याच कारकिर्दीत झाली होती. सुजाता मनोहर यांचे वडीलही गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. राजकारणात घराणी दिसतात तशी ती इथेही आहेत. बंद खोलीतल्या निवडीत ओळखीचं आडनाव असलेल्या बाईला थोडी जागा मिळते, तालुक्याच्या कोर्टातून वर येणारीला मिळत नाही.

नेहमीचा क्रम कायम राहिला तर नागरत्ना २४ सप्टेंबर ते २९ ऑक्टोबर २०२७ या काळात देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश असतील. छत्तीस दिवस.